लांब पाचवा

६ जानेवारी, मंगळवार

दोघं मिळून एक ड्रायव्हर! डॉक्टरबाईंना सांगितलं असतं तर आम्हा दोघांनाही तिथेच ठेवून घेतलं असतं.

स्टिअरिंग माझं, पेडल माझी, गिअरचा दांडा मास्तरांचा — म्हणजे आमच्या ह्यांचा, सगळं गॅरेज मास्तर म्हणायचं म्हणून मीही म्हणते. मी क्लच दाबते, ते डावीकडच्या सीटवरून उजवा हात टाकतात आणि गिअर बदलतात. मी क्लच सोडते. बोलावंही लागत नाही. दुसरं काय करणार? मास्तरांना गाडी चालवायची मनाई आहे — दूध आणायला म्हणून गेले आणि भलत्याच गावात पेट्रोलपंपावर सापडले, तेव्हापासून. माझा डावा खांदा शिलाई मशीनवर वाकून वाकून आखडलाय, हात पुढे नेला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि दर मंगळवारी त्यांना शहरातल्या हॉस्पिटलात न्यायचंच असतं. बसमध्ये ते मध्येच उठून उतरायला बघतात. एकदा धरता धरता माझी साडी फाटली. नको ती बस.

आज हायवेला लागलो. चौथ्यातून पाचवा टाकला आणि म्हणाले, "ऐक. आता ऐक."

इंजिन एकदम शांत. नव्वदचा वेग, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजाराच्याही खाली.

"कंपनीचा पाचवा असता तर आत्ता बोंबलत असती. साडेतीन हजार! एवढंसं इंजिन, किती रडवायचं त्याला?"

हे मी लग्नातल्या उखाण्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. छोट्या गाडीला कंपनी पाचवा गिअर आखूड देते, म्हणजे लोकांना चढावर गिअर बदलायचा आळस करता येतो. हायवेला मात्र इंजिन घसा फोडून ओरडत राहतं. मास्तरांना ते सहन होईना. गिअरबॉक्स बांधण्यात जन्म गेला त्यांचा! गाडी आणल्यावर लगेच बाजूचं झाकण उघडलं, याच गाडीच्या डिझेल बहिणीच्या पाचव्याची दातेचाकांची जोडी आणून बसवली. तेव्हापासून आमचा पाचवा लांब. सपाटीवर लोण्यासारखी जाते. पण जरा चढ आला की दम टाकते, मग चौथा. चढ संपला, परत पाचवा. आणि आमचा रस्ता म्हणजे नुसते चढ-उतार.

म्हणजे मास्तरांचा हात सारखा लागतो. ते मला बरंच वाटतं. इथे तरी लिहायला काय हरकत आहे.


७ जानेवारी

सकाळी बनियन उलटं घातलं. लेकीचा फोन आला तेव्हा मला हळूच विचारलं, "कोण बोलतंय?"

आणि दुपारी गॅलरीत बसले होते, खालून एक गाडी गेली. वळूनही न बघता म्हणाले, "तिसऱ्यात उचलतोय, गाढव!"

आता याला काय म्हणायचं?


११ जानेवारी, रविवार

लेक येऊन गेली. जेवताना गोड गोड बोलली, तेव्हाच मी ओळखलं होतं. भांडी घासताना माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आई, बाबांसारख्यांना सांभाळतात त्या सेंटरमध्ये जागा राखून ठेवलीय. हायवेवरच आहे, निम्म्या वाटेवर. तू कधीही जाऊन भेटू शकशील."

"आणि मी इथे काय करू? भिंतींशी बोलू?"

"तू आरशात बघितलंयस का स्वतःला?"

बघितलंय. आरसा काय दाखवणार? झोप नाही, दिवसभर ह्यांच्या मागे मागे. गॅसचं बटण मी काढून पदराला बांधून ठेवते. दाराला वरची कडी लावते. पण लेकीपुढे हे बोलायचं म्हणजे तिच्या हातात काठी द्यायची.

मग ती ऑटोमॅटिक गाडीवर आली. "निदान ती तरी घे. तुझा खांदा नीट नाही, बाबांना गिअर टाकायला लावतेस, आई, वेड लागलंय का तुम्हाला?"

मी भडकले. "ऑटोमॅटिक घेतली तर त्यांच्या हाताला काम काय राहील? दुसरं काय उरलंय त्यांच्याकडे?"

ती रडायला लागली. मग मीही. शेवटी मीच म्हणून गेले — "हे बघ. तुझं नाव विसरले, तारीख विसरले, सगळं मान्य. पण गाडीतलं त्यांना कळतंय. ज्या दिवशी गाडीतलंही कळेनासं होईल, त्या दिवशी मी स्वतः नेऊन सोडीन. मग तू मला एक शब्दही बोलू नकोस, मी तुला बोलणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

तोंडातून निघून गेलं. आता निघून गेलं ते गेलं.


१३ जानेवारी, मंगळवार

आज झकास! एकही गिअर चुकला नाही. डॉक्टरबाईंनी त्यांना घड्याळ काढून दाखवा म्हटलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला काढले. परतताना मी विचारलं, "अहो, आपल्या पाचव्याला दाते किती?" दोन्ही चाकांचे पटापट सांगितले. मला कुठे ठाऊक बरोबर की चूक? पण ऐटीत सांगितले!

डॉक्टरबाईंनी हे विचारायला हवं होतं.


२० जानेवारी, मंगळवार

लिहायला बसलेय खरी.

मोठा चढ. पाचव्यात दम टाकायला लागली. मी क्लच दाबला. मास्तरांनी दांडा ओढला. मी क्लच सोडला.

चौथा नव्हता. दुसरा होता.

गाडी किंचाळली. तसला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. पुढून कुणी हातानं धरल्यासारखी थबकली, चाकं चिरकली, तोंड उजवीकडे फिरलं. मागचा ट्रक — हॉर्न, नुसता हॉर्न — आमच्या आरशाला घासून गेला. मी क्लच परत कसा दाबला, कडेला कशी आणली, काही आठवत नाही. आरसा वायरवर लोंबकळत होता.

मला कारण कळलं लगेच. इतकी वर्षं शेजारी बसून एवढं तर कळतंच. ते डाव्या सीटवर बसतात. पाचव्यातून दांडा नुसता मागे घ्यायचा असतो, तो आपसूक मधे येऊन चौथ्यात पडतो; त्यांनी मागे घेता घेता स्वतःकडे ओढला. स्वतःकडे ओढला की दुसरा. ड्रायव्हरच्या सीटवरून ही चूक सहसा होत नाही. आमच्यासारख्या दोन अर्ध्या माणसांच्या गाडीतच होणार.

मास्तर हाताकडे बघत बसले होते. तळहात वर करून. मी ओरडले. खूप ओरडले. "मारणार होतात आज! दोघांनाही मारणार होतात!" ते हातावरून नजर न काढता म्हणाले, "गाडी का थांबवलीस?"

उरलेला रस्ता तिसऱ्यातच, कडेकडेनं. तोही मीच टाकला. खांद्यातून कळ गेली, पण भीतीपुढे कसली कळ!

लेकीला सांगितलं नाही.


२१ जानेवारी

हात चुकला. कान कुठे चुकलाय? मी लेकीला काय म्हटलं होतं — गाडीतलं कळेनासं होईल त्या दिवशी. हात म्हातारा होतो, कुणाचाही होतो.

मीच वकील, मीच न्यायाधीश.


२३ जानेवारी

मास्तरांचा चेला येऊन गाडी बघून गेला. चेला कसला, केस पिकलेत आता, स्वतःचं गॅरेज आहे, पण मास्तरांसमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. त्याला सगळं खरं सांगितलं. मास्तर आत झोपले होते.

"इंजिनाचे व्हॉल्व्ह वाचलेत. नशीब म्हणा काकू." मग बराच वेळ घुटमळला. "एक सांगू का? रागावू नका. तो लांब पाचवा आहे म्हणून चढाला चौथ्यावर उतरावं लागतं. कंपनीची जोडी परत टाकली तर पाचव्यातच सगळे चढ काढेल. एकदा पाचवा टाकायचा, शहर येईपर्यंत हात लावायचा नाही. तुम्ही एकट्या चालवाल. थोडा आवाज करेल एवढंच."

"जुनी जोडी कुठून आणणार?"

"मास्तरांनी जपून ठेवलीय की. ग्रीस लावून, कापडात गुंडाळून. मीच ठेवली होती वरच्या फळीवर."

थोडा आवाज करेल एवढंच! ज्या आवाजासाठी माणसानं झाकण उघडलं तो आवाज! त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. माझं तोंड बघणार नाहीत.

विचार करते म्हटलं त्याला.


२७ जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटलला गेलो नाही. सर्दी झालीय असं फोनवर सांगितलं. मास्तर सकाळीच बूट घालून दाराशी उभे. "निघायचं ना?" मंगळवार त्यांना बरोबर कळतो. का कोण जाणे. दुपारपर्यंत बूट काढले नाहीत.


२८ जानेवारी

गल्लीत एकटीनं गाडी फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा. कोपर अंगाशी धरून, नुसत्या मनगटानं. पहिला टाकताना रडू येतं. पाचवा माझ्या बाजूला आहे, तो येतो.

चेल्याला हो म्हटलं.


३१ जानेवारी, शनिवार

झालं. चेल्यानं गाडी नेली आणि संध्याकाळी आणून दिली. लांब पाचवा त्याच कापडात गुंडाळून मला दिला. हातात घेतला तर केवढा जड! दाते अजून चकचकीत. कपाटात साड्यांच्या मागे ठेवलाय. घरात चोरीचा माल लपवल्यासारखी मी वावरतेय.

मास्तरांनी विचारलं, "गाडी कुठे गेली होती?"

"आरसा लावायला."

"हं," म्हणाले.

मंगळवारी काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय. म्हणायचं, चेल्यानं ऑइल बदललं, त्यामुळे आवाज येतोय. पटणार नाही. मग म्हणायचं, रस्ताच खराब आहे. तेही पटणार नाही. मग सरळ पाया पडायचं.


३ फेब्रुवारी, मंगळवार

आज निघताना त्यांना म्हटलं, "आज गिअर मी टाकून बघते हं. खांदा मोकळा करायचाय." मान हलवली. दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले, शाळेतल्या पोरासारखे. थंडी वाजतेय का विचारलं तर नाही म्हणाले.

हायवे आला. जीव मुठीत धरून पाचवा टाकला.

आवाज चढला. चढणारच. ऐंशीला काटा तीनच्या वर, पायाखाली सगळं गुणगुणतंय, डॅशबोर्डावरची कसलीशी पट्टी थडथडतेय. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतेय. आता बोलतील. आता म्हणतील, "कुणी हात लावला माझ्या पाचव्याला?"

खिडकीबाहेर बघत होते.

पहिला चढ आला. पाचव्यातच निघाली गाडी, खरंच, एका दमात. लांब पाचवा असता तर इथे चौथा लागला असता, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. काही नाही. दुसरा चढ. काही नाही.

आधी हायसं वाटलं. खोटं का बोलू? सुटले असं वाटलं.

मग दुसऱ्या चढानंतरच्या सपाटीवर माझ्या लक्षात आलं, मी कशातून सुटलेय ते.

मी नव्वदला नेली. मग मुद्दाम शंभरला! काटा चारकडे चाललेला. इंजिन असं बोंबलत होतं की मला स्वतःला ऐकवेना. बोला ना. ओरडा माझ्यावर. शिव्या द्या, गाढव म्हणा, काय वाटेल ते म्हणा!

"पक्षी," म्हणाले. तारेवर बसलेले पक्षी दाखवत होते.

मी पाय उचलला. ऐंशीवर आणली आणि शहर येईपर्यंत तशीच ठेवली. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावर त्यांनी हात मांड्यांखालून काढले आणि दरवाजा उघडायची वाट बघत बसले. एरवी स्वतः उघडतात.

कान गेला.


४ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. दुसऱ्या गिअरचंही सांगितलं, ट्रकचंही, काल कसे गप्प बसले तेही. कबूल केल्याप्रमाणे एक शब्दही नाही. फक्त म्हणाली, "रविवारी येते."

रात्री जेवताना मास्तर माझ्याकडे बघून हसले. मी ताट घेऊन ओट्यापाशी गेले आणि उभ्यानंच जेवले.


८ फेब्रुवारी, रविवार

सोडून आलो.

खोली स्वच्छ आहे. खिडकी हायवेकडे. पलंगाला कठडा आहे, पडू नयेत म्हणून. लेकीनं कपडे कपाटात लावले, प्रत्येकावर नाव घातलेलं आहे — मीच शिवून दिली नावं, दोन दिवस बसून. खांद्याची वाट लागली. स्वेटर कुठला आणि मोजे कुठले हे नर्सला सांगत राहिले मी, सांगतच राहिले. ती म्हणाली, "काकू, सगळं लिहून घेतलंय." गोड मुलगी आहे. मला तिचा राग आला.

मास्तर फाटकापर्यंत आले. गाडीला एक फेरी मारली. टायरला पायानं ठोकून बघितलं, नेहमी बघतात तसं. मी बसले. लेक शेजारी, त्यांच्या जागेवर. त्यांनी तिच्या बाजूच्या खिडकीतून हात आत घातला आणि दांड्याच्या मुठीवर ठेवला. क्षणभर. मला वाटलं, आता बसायला मागतील. मग मी काय करणार होते, देव जाणे.

"सावकाश जा," म्हणाले. हात काढून घेतला.

परत येताना लेक झोपली. किंवा झोपल्यासारखं केलं तिनं. मी पूर्ण रस्ता पाचव्यात आले. कुठे थांबले नाही, कुठे गिअर बदलला नाही, चेल्यानं सांगितलं होतं अगदी तसं.


९ फेब्रुवारी

गॅसचं बटण परत बसवलं. वरची कडी काढली. रात्रभर झोपले, सकाळी उशिरा उठले. लाज वाटली.

चहा दोन कप केला. एक ओतून दिला.


१० फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार. बूट घालून दाराशी उभे असतील का तिथे?

पहिले काही दिवस भेटायला येऊ नका म्हणालेत. माणसाला सवय व्हावी लागते म्हणे. कुणाला, ते विचारायचं राहिलं.

लेक रोज फोन करते. "बरोबर केलंस आई." मी हो म्हणते. काल चेला येऊन बसला होता. त्याला सांगितलं, आवाज त्यांना कळलाच नाही रे. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तरांना? तो आवाज?" आणि मान हलवत राहिला. चहा घेतला नाही. जाताना म्हणाला, "मला वाटलं नव्हतं काकू, एवढ्या लवकर."

मलाही.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सेंटरमधून फोन. नर्स.

"घाबरू नका काकू, बरे आहेत. पण सकाळपासून मागे लागलेत, बायकोला फोन लावून द्या म्हणून. आणि लावला की हातात घेत नाहीत, तुम्हीच सांगा म्हणतात. मला काही कळलं नाही, जसं सांगितलं तसं सांगते हं. म्हणाले, 'तिला सांगा, आखूड पाचवा परत घातलाय, शंभरला नेऊ नको. त्या दिवशी नेलीस. ऐंशीच्या वर त्या इंजिनाला त्रास होतो.'"

मी काहीतरी विचारलं असेन. काय, आठवत नाही.

"हो, मीपण तेच विचारलं काकू. म्हटलं, मग आजोबा, त्याच दिवशी गाडीत का नाही सांगितलंत? तर म्हणाले, 'पहिल्यांदाच एकटी चालवत होती. मन लावून चालवत होती. मी हात दाबून बसलो.'"

कपाटातून कापडाची गुंडाळी काढली. ती जाताना शेजारच्या सीटवर ठेवायची, येताना मास्तरांच्या मांडीवर. किल्ली घेतली.

ऐंशीच्या वर नेणार नाही.